अनंताची तिसरी गुटी

नारायण पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंनी हलवायच्या सामानाच्या यादीत सगळ्यात वर अनंत लिहिला होता. मागच्या चौकात, मोरीच्या भिंतीलगत ते झाड होतं. आई लग्न होऊन आल्या तेव्हाही ते तिथेच होतं. ते मुळासकट उपटून नेणं शक्य नव्हतं, म्हणून जुलै २०२१ मध्ये आईंनी स्वतः तीन फांद्यांवर गुट्या बांधल्या. फांदीची बोटभर साल गोल सोलायची, तिथे ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळायची. दोनेक महिन्यांत प्लॅस्टिकच्या आतून पांढरी मुळं दिसायला लागली. तिन्ही गुट्या लागल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात वाडा पडला आणि आम्ही कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो, ते तीन अनंत घेऊन.

त्यातले दोन माझ्या हातून गेले. दोन्ही कुंडीत साचलेल्या पाण्याने गेले, आणि निचरा चांगला व्हावा म्हणून मी सगळं केलेलं असताना गेले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माती वाड्याचीच होती. सिमेंटच्या रिकाम्या दोन गोण्या भरून ती आम्ही आणली होती. झाडाला त्याची स्वतःची माती मिळावी अशी आईंची इच्छा होती आणि मलाही ते मनापासून पटलं होतं. कुंड्या बारा इंची, प्लॅस्टिकच्या. तळाशी चांगला तीन इंचांचा खड्यांचा थर दिला, त्यावर खापरीचे तुकडे, त्यावर माती. निचरा हवा तर तळाला खडे घालायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आले. माझी आजी तसंच करायची, नर्सरीतले माळीही तसंच करताना दिसायचे. त्यात काही चुकत असेल अशी शंकाही आली नाही.

पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, एका झाडाची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. नर्सरीत पान दाखवलं, तर तिथले म्हणाले, ‘‘ताई, लोह कमी पडतंय.’’ त्यांनी दिलेली पूड पाण्यात कालवून दोनदा घातली. काही फरक नाही. मग एके दिवशी झाडाने मान टाकली. भर पावसाळ्यात, ओल्या मातीत उभं असलेलं झाड उन्हात करपल्यासारखं मलूल दिसत होतं. तहानलंय असं समजून आई रोज तुळशीला पाणी घातल्यावर उरलेला तांब्या त्याला घालायच्या. आठवड्याभरात संपलं.

उपटून पाहिलं तेव्हाचा तो वास अजून आठवतो. तुंबलेल्या गटाराचा, कुजलेल्या अंड्यासारखा. मुळं तपकिरी झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा राहिला. तळाचे खडे मात्र जवळजवळ कोरडे होते! ते मी पाहिलं, त्याचं आश्चर्यही वाटलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. उलट खडे कमी पडले असं ठरवून मी दुसऱ्या कुंडीतला थर चार इंचांचा केला. ते झाड पुढच्या वर्षी जुलैतच गेलं, पहिल्यापेक्षा महिनाभर आधी.

जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या झाडाची वरची चार पानं पिवळी दिसली. आई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्या गॅलरीत आल्याच नाहीत.

त्याच आठवड्यात नणंदेचा मुलगा घरी आला होता. तो शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातून शिकलेला. झाड बघून त्याने विचारलं, ‘‘मामी, खाली काय घातलंयस?’’ मी सांगितलं. तो उठून थेट स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावरचा भांडी घासायचा नवा स्पंज घेऊन आला.

त्याने जे करून दाखवलं ते कुणीही घरी दोन मिनिटांत करून पाहू शकतं. स्पंज पाण्यात पूर्ण बुडवून बाहेर काढला आणि आडवा, सपाट धरला. पाणी ठिबकलं, मग थांबलं. ‘‘आता यातून आणखी पाणी पडेल?’’ मी नाही म्हटलं. त्याने तोच स्पंज न दाबता नुसता उभा केला, तर खालच्या कडेतून पुन्हा धार लागली. स्पंज तोच, भोकं तीच. बदलली ती फक्त उंची. तो म्हणाला, मातीच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात आणि वजन पाण्याला खाली ओढतं. पाण्याचा खांब उंच असला की वरचं पाणी सुटतं, पण तळाशी काही बोटं उंचीचा पट्टा असा राहतो की तिथे ओढ पुरत नाही. तो पट्टा भिजलेलाच राहतो. त्याची उंची ठरते मातीच्या बारीक-जाडपणावर. कुंडी लहान की मोठी, याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणूनच उथळ कुंडी उंच कुंडीपेक्षा जास्त ओली राहते.

मग त्याने काचेच्या बरणीत तळाला माझेच खडे घातले आणि वर वाड्याची माती. हळूहळू पाणी ओतत गेला. ओल मातीतून उतरत खड्यांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. काचेतून अगदी स्पष्ट दिसत होतं: वर चिंब काळी माती, खाली कोरडे खडे, मधे आखल्यासारखी रेघ. बारीक फटींत धरलेलं पाणी मोठ्या पोकळीत सहजासहजी उडी घेत नाही. वरची माती पुरती गच्च होईपर्यंत ते तिथेच थांबतं. म्हणजे तो कायमचा ओला पट्टा मी खड्यांवर ठेवून तीन इंच वर उचलला होता, नेमका मुळांपाशी. दुसऱ्या कुंडीत चार इंच. एवढ्या वर्षांत ज्याला मी निचरा समजत होते, तो थर कुंडी लहान करत होता, एवढंच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मातीचं. हीच माती वाड्यात होती, त्याच झाडाला, आणि तिथे पाऊस काही कमी पडत नव्हता. मग इथे काय झालं? त्याने समजावलं ते असं. जमिनीत माती खाली सलग जाते, ती वरचं पाणी खोलवर ओढत राहते. कुंडीत तीच माती फूटभरावर कापली जाते आणि तिथे ओढ संपते. त्याने ओल्या मातीची गोळी तळव्यावर घेऊन शेवयांसारखी वळी केली. वळी न तुटता बोटभर लांब झाली. इतकी चिकण माती भुईत चालते, कुंडीत चालत नाही. आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मुळांनाही श्वास लागतो. तो मिळाला नाही की ती पाणी आणि लोह घेणं बंद करतात, म्हणून पान पिवळं आणि झाड मलूल. अशा गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगकारक जीव चढाई करतात. आईंनी मधेच विचारलं, ‘‘मग मावळात भात पाण्यात कसा उभा असतो रे?’’ प्रश्न अगदी योग्य होता. भाताच्या आणि आळूच्या अंगात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत पोचते. अनंताला ती सोय नाही.

आता काम. शनिवार, १३ जुलैला करायचं ठरलं, आणि त्याच्या आधीचे तीन दिवस तयारीत गेले.

वाड्याच्या विटा आमच्याकडे आठवण म्हणून दहा-बारा ठेवलेल्या होत्या. त्याच फोडाव्यात असं मला फार वाटत होतं. भाच्याने एक वीट हातात घेऊन चुन्याचा थर दाखवला. अनंताला आंबटसर माती लागते, चुना त्याला सोसत नाही. म्हणून त्या तशाच ठेवल्या आणि जवळच्या बांधकामावरून भाजक्या विटांचे कोरे तुकडे मागून आणले, ज्यांना सिमेंट लागलेलं नाही असे निवडून. गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडले. गवंड्याच्या वाळूच्या चाळणीतून जे खाली पडलं ते पुन्हा घरच्या गव्हाच्या चाळणीत घेतलं. चाळणीवर जे राहिलं तेच ठेवायचं: ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढं. खालची भुकटी टाकून द्यायची. हे फार महत्त्वाचं आहे, कारण भुकटी मिसळली तर ती त्याच फटी बुजवते ज्यांच्यासाठी विटा फोडल्या. बारीक वाळूचंही तसंच. चिकण मातीत दोन मुठी वाळू घातली की निचरा सुधारतो असं सर्रास सांगितलं जातं. त्या वाळूचे कण मातीत सुटे सुटे अडकून बसतात, एकमेकांना टेकतच नाहीत, मग पोकळी होणार कुठून? जाड कण हवेत, आणि मिश्रणाच्या निम्म्याच्या आसपास हवेत.

नारळाच्या सोडणाचे तुकडे नर्सरीतून आणले. ते रात्रभर भिजवून दोनदा धुतले, कारण त्यांत बऱ्याचदा मीठ असतं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं. गांडूळखत सोसायटीच्या खड्ड्यातलं, चाळलेलं.

मिश्रण जमलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी भाच्याने एक मोजणी शिकवली, ती मला या सगळ्यात सर्वांत उपयोगाची वाटली. तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा वरून कापला, त्यात मापाने चार लिटर पाणी ओतून बाहेर खूण केली. पाणी काढून तळाला भोकं पाडली आणि ती चिकटपट्टीने बंद केली. त्या खुणेपर्यंत माती भरायची, डबा तीनदा जमिनीवर हलका आपटायचा, बसली तर पुन्हा भरायची. मग वर पाणी चकाकेपर्यंत सावकाश पाणी ओतायचं आणि तासभर ठेवायचं. नंतर डबा बादलीवर धरून चिकटपट्टी काढायची. जेवढं पाणी खाली पडतं, तेवढी जागा त्या मातीत निथळल्यावर हवेला मिळते.

वाड्याच्या मातीतून अर्ध्या तासात पडलं १६० मिलिलिटर. चार लिटरांत चार टक्के हवा. कुंडीला साधारण दहा ते वीस टक्के असावी. पहिलं मिश्रण केलं त्यात दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग विटा. त्यातून ४४० मिलिलिटर आलं, म्हणजे अकरा टक्के. चाललं असतं, पण पुण्याचा जुलै आणि आधीच कुजायला लागलेली मुळं लक्षात घेऊन पुन्हा केलं: दोन भाग विटांची खडी, एक भाग सोडणाचे तुकडे, एक भाग खत, एक भाग वाड्याची माती. ६८० मिलिलिटर. सतरा टक्के. आकडा वहीत लिहिताना मला पहिल्यांदा धीर आला.

आईंना वाड्याची माती पाचातला एकच भाग घालणं जड गेलं. त्यांनी तो भाग स्वतः चाळला. ढेकळं बोटांनी मोडत, जुन्या खिळ्याचा एक तुकडा आणि मुलांची एक गोटी बाजूला काढून ठेवत. मी घाई केली नाही.

कुंडी या वेळी मातीची घ्यायची ठरवली, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडतं, हवा जाते. तिला तळाला एकच भोक होतं, अंगठ्याएवढं. आणखी तीन पाडली. त्यासाठी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली आणि ड्रिलचा ठोका बंद करून, हळू फिरवत, पाणी शिंपडत भोक पाडलं. ठोका चालू राहिला की कुंडी तडकते. भोकांवर खापरी ठेवली नाही, खिडकीच्या मच्छरजाळीचा एक तुकडा पसरला, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. आणि खडे अजिबात नाहीत. मिश्रण थेट तळापासून.

झाड काढताना हात थरथरत होते. कुंडी आडवी करून कडेने थोपटली, गड्डा सरकला. वास आलाच, पण आधीच्या दोन वेळांइतका नाही. खालचा तिसरा हिस्सा तपकिरी झालेला, वरची मुळं अजून पांढरी होती. कात्री स्पिरिटने पुसून मऊ पडलेली मुळं कापली, जुनी माती पाण्याच्या मंद धारेखाली जेवढी सुटेल तेवढीच सोडवली. मुळं कमी झाली तेवढी वरची पानंही कमी करायला हवीत, म्हणून फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटल्या. नवीन कुंडीत बसवून एकदाच भरपूर पाणी दिलं. ओतलं आणि खालून लगेच चारही भोकांतून धारा लागल्या. आईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आत्ता कसं पाणी चाललं!’’

कुंडी फरशीवर टेकवून ठेवली तर भोकं फरशीलाच चिकटून बंद होतात. माझ्या आधीच्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत हेही होत होतं. म्हणून विटेच्या तीन तुकड्यांवर ठेवली. तीनवर ती डुगडुगत नाही. खाली सांडणाऱ्या पाण्याचा प्रश्न मात्र खरा होता. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पहिल्याच दिवशी लाल थेंब पडले. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी पसरट ट्रे आणला, विटांचे तुकडे ट्रेमध्ये ठेवले, म्हणजे कुंडीचा तळ साचलेल्या पाण्याला लागत नाही. ट्रे रोज संध्याकाळी मोरीत रिकामा करते. डासाच्या अंड्याचा डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे ज्यांना रोज जमत नाही त्यांनी आठवड्यातून एकदा तरी कुंडीखालच्या बशा पालथ्या कराव्यात.

झाड दहा दिवस आडोशाला ठेवून मी ते पुन्हा गॅलरीच्या कडेला सरकवलं आणि लगेच २५ जुलै आला. त्या रात्री आणि सकाळी पुण्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. आमच्या दोन ओळखीच्यांना घर सोडावं लागलं, त्यामुळे दिवसभर फोन आणि धावपळ चालू होती. कुंडीची आठवण संध्याकाळी झाली. झड आत येऊन गॅलरी न्हाली होती, ट्रे काठोकाठ भरून वाहत होता. ट्रे रिकामा केला आणि कुंडीत बोट घातलं. माती ओली होती, पण चिखल नव्हता. बोट बाहेर काढलं तर त्याला कण चिकटले, लेप नाही लागला. वास घेतला. पहिल्या पावसाच्या मातीचा वास.

ऑगस्टअखेर नवी पालवी आली. आधीची पिवळी पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत, गळून गेली. नव्या पानांत पिवळेपणा नव्हता आणि मी लोहाची पूड पुन्हा घातलेली नाही.

या मिश्रणाची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते, तेही सांगायला हवं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला तेव्हा सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. सकाळ-संध्याकाळ पाणी, वर वाळल्या पानांचा दोन बोटं थर आणि दुपारी कुंडीवर ओलं गोणपाट, एवढं करावं लागलं. दोन दिवस गावाला जायचं तरी शेजारी किल्ली द्यावी लागली. मला वाटतं पुण्यात हे असंच राहणार. पावसाळ्याला सोसेल ती माती उन्हाळ्यात लवकर वाळणार, आणि वाळलेल्याला पाणी घालता येतं, कुजलेल्या मुळाला काही करता येत नाही.

जून २०२५ मध्ये सात फुलं आली. पहिलं आईंनी देवाला वाहिलं, दुसरं उशाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याचं ते पिवळसर झालं तरी त्यांनी काढू दिलं नाही.

मधे एकदा त्याच मिश्रणातली राखून ठेवलेली, जुनी झालेली माती मी पुन्हा डब्यात मोजली. ४८० मिलिलिटर भरलं, बारा टक्के. सोडणाचे तुकडे कुजून बारीक होत चाललेत, खत बसतंय. म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी कुंडी उतरवावी लागणार. विटांची खडी मात्र धुऊन तशीच परत वापरता येईल.

या आठवड्यात आईंनी मधल्या फांदीवर नवी गुटी बांधली आहे, नणंदेसाठी. शेवाळ त्यांनी स्वतः दाबून बसवलं, सुतळी मी आवळली. गणपतीपर्यंत मुळं दिसतील. त्याआधी पाटीभर विटा फोडून ठेवायच्या आहेत आणि वाड्याच्या मातीची दुसरी गोणी अजून उघडायची आहे.